तळ्यातल्या कासवांचा दवाखाना : लाखांदूर तालुक्यातल्या (जि. भंडारा) कामाच्या नोंदी

आमच्या भागात समुद्र नाही, पण मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आणि बोड्या (शेतातली लहान तळी) गावोगाव आहेत, आणि त्यांत कासवं आहेत. गरीत (मासे धरायच्या गळात) अडकलेली, ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरखाली आलेली, विहिरीत पाळलेली. अशा कासवांवर उपचार होईस्तोवर त्यांना ठेवायला जागा नव्हती. आम्ही पाच जणांनी संस्था नोंदवून ती जागा केली. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, म्हणून टाक्या, पंप, वायरिंग माझ्याकडे आलं. दुसऱ्या कोणाला हे काम करायचं असेल तर आमच्यासारखे त्याचे चार महिने वाया जाऊ नयेत, यासाठी वहीतलं इथे उतरवतो, मागाहून कळलेलं काही ठिकाणी जोडलं आहे.

सगळ्यात आधी कायद्याचं. पोटाखाली कातडीच्या झडपा असलेलं आपलं नेहमीचं तळ्यातलं कासव, ज्याला इंग्रजीत फ्लॅपशेल म्हणतात, ते वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. वाघ आहे त्याच अनुसूचीत. जखमी दिसलं म्हणून घरी आणून ठेवता येत नाही. वन विभागाला फोन, पंचनामा, त्यांचं लेखी पत्र, मग उपचार. हे जमवल्याशिवाय विटा आणू नका.

१२ जानेवारी

परवानगीचं पत्र आज हातात आलं. अर्ज सप्टेंबरमध्ये दिला होता. मधल्या काळात एका कार्यालयात आमची फाइलच सापडत नव्हती, दोन महिने त्यात गेले. पोच घेतलेली झेरॉक्स आमच्याकडे होती म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही. प्रत्येक कागदाची पोच घ्या.

मागच्या महिन्यात डहाणूला जाऊन आलो. तिथे समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात ऑलिव्ह रिडले वाहून येतात, समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यांत अडकून त्यांचे पंख कापले गेलेले असतात. त्यांचं पाणी खारं, आपलं गोडं, जनावरंही वेगळी. पण जाळं तेच नायलॉनचं आणि जखमही तशीच. परत येताना गाडीत वहीत एवढंच लिहिलं : एका टाकीत एकच कासव.

२६ जानेवारी

शाळेमागची जागा ग्रामपंचायतीनं दिली. ठराव लेखी घेतला. तीन पक्क्या टाक्या बांधायच्या ठरल्या, प्रत्येकी आठ फूट बाय पाच फूट, खोली अडीच फूट. विटा, सिमेंट, रेती, मिस्त्री धरून ४१,००० रुपये. आमच्याकडे जमलेले पैसे होते ६३,०००. म्हणजे पहिल्याच घासात दोन तृतीयांश गेले. मिस्त्रीला फक्त मापं दिली. आतून कसा गिलावा पाहिजे ते सांगितलं नाही. ही चूक पुढे महागात पडली.

१५ फेब्रुवारी

टाक्या भरल्या. मत्स्यबीजवाल्याकडून सामू (पीएच) तपासायचा कागद आणला होता. तो गडद निळा झाला, म्हणजे सामू दहाच्या वर. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. अशा पाण्यात कासव सोडलं असतं तर डोळे आणि कातडी भाजली असती. मला वाटलं होतं आठ दिवस पाणी भरून ठेवलं की टाकी तयार. तसं होत नाही.

४ मार्च

टाकी पिकवायला अठरा दिवस लागले. मत्स्यपालनवाले करतात तेच केलं : केळीचे खांब फोडून टाकले, पाणी भरून पाच दिवस ठेवलं, सगळं काढून घासलं, पुन्हा भरलं. तीन वेळा. तिसऱ्या वेळी सामू आठच्या आसपास आला. खांब सडल्याचा वास असह्य येतो, शाळेतल्या मॅडमनी दोनदा निरोप पाठवला. हे काम सुट्टीत करा.

पाणी बोअरचं वापरतो. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते घ्यायचं असेल तर उघड्या टाकीत एक दिवस उन्हात ठेवूनच घ्या.

२१ मार्च

पहिलं कासव वाचलं नाही.

परवा संध्याकाळी वनरक्षक मॅडम घेऊन आल्या होत्या. नहराच्या (कालव्याच्या) दाराखाली दबलेलं, पुढचा उजवा पाय सुजलेला, वजन १ किलो ४०० ग्रॅम. डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, रात्री शांत ठेवा म्हणाले. आम्ही त्याला एक नंबरच्या टाकीत सोडलं. टाकीत दोन फूट पाणी होतं. कासव पाण्यातला जीव आहे, भरपूर पाणी मिळालं की बरं वाटेल, असाच विचार सगळ्यांनी केला. मी पण.

सकाळी साडेपाचला टॉर्च मारला तर ते तळाशी होतं, मान लांब बाहेर. उचललं तेव्हा नाकातोंडातून पाणी आलं. डॉक्टरांनी वन विभागासमोर शवविच्छेदन केलं, फुप्फुसात पाणी होतं. कासवाला फुप्फुसं असतात, श्वासासाठी वर यावंच लागतं, आणि एक पाय निकामी असलेल्या अशक्त जनावराला दोन फूट वर येता आलं नाही. रात्रभर ते प्रयत्न करत असणार. भिंतीवर नखांचे ओरखडे होते, खालच्या हातभर उंचीपर्यंतच.

पोटाची कातडी पाहिली तर तीही सोलवटली होती. गिलावा खरबरीत होता.

आता नियम केला आहे, भिंतीवर लिहिला आहे : तळाशी बसून मान वर केली की नाक बाहेर आलं पाहिजे, एवढंच पाणी. बहुतेक कासवांना ते वीतभर किंवा त्याहून कमी होतं. तब्येत सुधारली की बोटा-बोटानं वाढवायचं.

२९ मार्च

टाक्यांचं काम थांबवून नवीन सोय केली. दोनशे लिटरचे निळे ड्रम उभे चिरले. एका ड्रमचे दोन टब होतात. ड्रम ९०० रुपयांचा, चिरायला ग्राइंडर दुकानातलाच. धारदार कडेवर बागेचा पाइप चिरून बसवला. आतून गुळगुळीत, एक माणूस उचलून उपडा करू शकतो, पाणी पाच मिनिटांत बदलतं. ड्रम घेताना आत आधी काय होतं ते विचारा. आम्हाला मिळालेल्या चारपैकी एकाला औषधाचा वास होता, तो धुवूनही गेला नाही, आता त्यात तणस (भाताचा पेंढा) ठेवतो.

टाक्यांना आतून इपॉक्सी (गुळगुळीत लेप) लावायचं ठरलं, ७,८०० रुपये. आधी गुळगुळीत घोटून घेतलं असतं तर हे वाचले असते.

९ एप्रिल

गरी गिळलेलं कासव. १ किलो ८५० ग्रॅम. तलावाच्या सांडव्यापाशी सापडलं. ज्याला सापडलं त्या पोरानं चांगल्या मनानं तोंडाबाहेरची नायलॉनची दोरी अगदी ओठापाशी कापली होती. त्यामुळे आत गरी कुठे आहे याचा मागच राहिला नाही. सगळ्यांना सांगा : दोरी ओढायची नाही आणि तोंडाजवळ कापायची पण नाही. वीत-दीड वीत बाहेर ठेवून पाठीवर चिकटपट्टीनं धरून ठेवायची.

एक्स-रेसाठी नागपूर. शंभरावर किलोमीटर, गाडीभाडं ३,२००. ओल्या गोणपाटात गुंडाळून, झाकण भोकं पाडलेल्या क्रेटमध्ये नेलं. पाण्यात घालून कधी नेऊ नका, गाडीच्या हिंदकळण्यानं बुडतं. गरी घशाच्या खाली होती. भूल देऊन डॉक्टरांनी तिचं टोक पुढे ढकलून बाहेर काढलं, उलटा काटा छाटला आणि मग मागे ओढून घेतली. ती गरी आता बाटलीत ठेवली आहे, शाळेतल्या पोरांना दाखवायला. करंगळीच्या पेराएवढी आहे.

इंजेक्शन दर तिसऱ्या दिवशी, पुढच्या पायात. मागच्या पायातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं, त्यामुळे औषध पुढच्याच पायात द्यायचं असं डॉक्टरांनी समजावलं. मात्रा इथे लिहीत नाही, ती वजनावर ठरते आणि डॉक्टरांनीच ठरवायची.

२ मे

बावीस दिवस त्यानं काही खाल्लं नव्हतं. आज खाल्लं.

आधी काय काय केलं ते लिहितो, कारण वेळ त्यातच गेला. कोंबडीचं खिमा मटण दिलं : शिवलं नाही, पाण्यावर तेलाचा तवंग आला, वास सुटला. उकडलेलं अंडं : पाणी दुधासारखं पांढरं. मेलेली छोटी मासोळी : नाही. दर अर्ध्या तासानं कोणी ना कोणी डोकावून पाहत होतं, खाल्लं का, खाल्लं का. टब दारातच, उजेडात ठेवला होता.

परवा मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले एक काकाजी आले. सत्तरी ओलांडलेले, आयुष्य तलावावर गेलेलं. टबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "असं उघड्यावर ठेवाल तं ते खाईन का जी? त्याले भेव लागते. खाली रेती टाका, अंधार करा, आन् जिते झिंगे टाका सांजच्यानं. मंग कोनी जाऊ नोका तिकडे."

वैनगंगेची बारीक रेती चाळून, धुवून, तबकात चार बोटं भरून टबात ठेवली. अर्धा टब गोणपाटानं झाकला. दिवस मावळल्यावर दहा-बारा जिवंत झिंगे सोडले आणि दार लावून घेतलं. पहाटे मोजले तर तीन उरले होते. कासव रेतीत बुडालेलं, नुसतं नाक वर. बोटानं रेती हलवली तेव्हा मागच्या पायांवरच्या झडपा हळूच मिटल्या, पाकीट मिटावं तशा. इतके दिवस ते झडपा नीट मिटत नव्हतं. काकाजींना फोन करून सांगितलं.

रेती टबात पसरायची नाही, तबकातच ठेवायची. पसरली की घाण तिच्यात बसते आणि धुता येत नाही.

९ मे

ही नोंद प्रत्येकानं वाचावी.

उन्हाळा चढला, पत्र्याखाली टाकीचं पाणी दुपारी ३७ अंशांवर जायला लागलं. पत्र्यावर तणसाचा थर, बाजूनं हिरवी जाळी आणि ओले गोणपाट लावल्यावर ३१ वर आलं. इपॉक्सी लावलेली दोन नंबरची टाकी वापरात घेतली आणि पाणी फिरवायला पंप लावला. आधी दुकानातली अर्ध्या एचपीची मोटार लावून पाहिली : पाण्याची धार इतकी की गरीवालं कासव कोपऱ्यात ढकललं गेलं. काढली. मग कुलरचा पंप लावला. आपल्याकडे तो घरोघरी असतो, मे महिन्यात मात्र ३५० चा पंप ४५० ला मिळतो.

दोन दिवसांनी कासवानं पुन्हा खाणं सोडलं. सारखं कडेला येऊन भिंत ओरबाडत होतं. मला वाटलं उन्हाचा त्रास. आज तबक उचलायला हात घातला. बोटाला पाना लागून कापलं होतं, त्या जखमेत झिणझिण्या आल्या. मल्टिमीटर लावला : पाणी आणि जमीन यांच्यामध्ये ३८ व्होल्ट.

पंपाची वायर तोकडी होती म्हणून मीच जोड दिला होता आणि तो टेपनं गुंडाळून पाण्याखाली सोडला होता. टेप सुटला होता. वीस वर्षं मोटारी बांधणाऱ्या माणसाकडून हे झालं. कुलरचा शॉक लागून माणसं मरतात, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. दोन दिवस ते जनावर त्या पाण्यात होतं आणि पळायला त्याला जागा नव्हती. याचं मला फार वाईट वाटतं.

आजच केलं ते : जोड पाण्याच्या चार फूट वर, भिंतीवर बंद डबीत. शेडसाठी वेगळं अर्थिंग, खड्ड्यात कोळसा-मीठ घालून. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), १,६५० रुपये. हात घालण्याआधी स्विच बंद, अपवाद नाही. पहिल्या दिवशीच हे १,६५० खर्च करायला हवे होते.

रात्री झिंगे खाल्ले.

२३ मे

काल रात्री वादळ. पावसाच्या झडीनं डबीत ओल गेली आणि आरसीसीबी पडला. त्यानं त्याचं काम केलं, पण शेडमध्ये कोणी नव्हतं आणि पंप अकरा तास बंद राहिला.

आमचा फिल्टर म्हणजे बंद झाकणाचा ड्रम, आत विटांचे तुकडे आणि कुलरच्या ताटीतलं गवत. त्यात जंतू धरायला वेळ लागतो, कासवाच्या लघवीतला अमोनिया तेच खातात. बंद ड्रममध्ये पाणी थांबलं, हवा संपली, जंतू मेले. सकाळी मी घाईत स्विच चालू केला आणि ते सगळं काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी सरळ टाकीत आलं. कासव लगेच टबात हलवलं म्हणून निभावलं.

पंप बराच वेळ बंद राहिला असेल तर आधी फिल्टरमधलं पाणी बाहेर काढा, मगच चालू करा. आणि बंद ड्रम करूच नका. आता भाजीचे प्लास्टिक क्रेट एकावर एक चार ठेवले, त्यात विटांचे तुकडे, वरून पाणी झिरपत खाली येतं. पंप थांबला तरी विटा ओल्या आणि उघड्या राहतात, जंतू काही तास तग धरतात. कुलरची ताटी टाकली, ती कुजते. पंप १२ व्होल्टचा घेतला, ७२० रुपये, दुकानातल्या जुन्या बॅटरीवर चालतो. लाइन गेली तरी रात्र निघते आणि पाण्यात २३० व्होल्टचं कामच नाही. हे सुरुवातीलाच सुचायला हवं होतं.

११ जुलै

पाऊस लागला. चिखलणी सुरू झाली आणि आठवडाभरात तीन कासवं आली. दोन रस्त्यावरची, पहिल्या पावसात ती तलावातून बांध्यांकडे (भाताच्या शेतांकडे) निघतात आणि गाड्यांखाली येतात. त्यातलं एक वाटेतच गेलं. तिसरं रोटाव्हेटरखालचं, पाठीला बोटभर लांब भेग, मधे हाड दिसत होतं. २ किलो १०० ग्रॅम.

ज्या शेतकऱ्याच्या बांधीत हे झालं तो स्वतः घेऊन आला. चिखलानं भरलेला, टोंगळ्यापर्यंत ओला. ट्रॅक्टर भाड्याचा, तासाचे पैसे चालू, तरी थांबवून आला होता. "वाचन का जी?" एवढंच विचारत होता.

मोबाइलवर पाहिलं होतं की कवच फुटलं की कासव कोरडं ठेवायचं. आम्ही पूर्ण दिवस कोरडं ठेवलं. संध्याकाळी पायांजवळची आणि झडपांची कातडी ताणून पांढरी पडली, बारीक चिरा गेल्या. तो सल्ला कडक कवचाच्या कासवांसाठी होता. आपल्या कासवाच्या पाठीवर कातडी असते, ते लवकर सुकतं. डॉक्टरांनी पद्धत बदलली : जखम सलाइननं धुवायची, सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लावायचं, भाजल्यावर लावतात तेच, मग दीड तास ओल्या फडक्यावर, जखम उघडी ठेवून, आणि नंतर स्वच्छ उथळ पाण्यात. दिवसातून दोनदा. टबाचं पाणी रोज पूर्ण बदलायचं.

दोन महिने रोज दोनदा. आमच्यातल्या दोघी बहिणींनी रोवणीच्या दिवसांतही एक वेळ चुकवली नाही. पहाटे पाच वाजता करून त्या पऱ्हे (भाताची रोपं) लावायला जायच्या.

३० जुलै

हिशेब पाहिला. आतापर्यंत आलेली बहुतेक कासवं अर्ध्या ड्रममध्येच राहिली. ४१ हजारांच्या टाक्यांपैकी एकच वापरात आहे. आज सुरुवात करायची असती तर आठ टब, एक छत आणि चांगलं वायरिंग एवढंच केलं असतं, टाकी शेवटी एक, पोहण्याच्या सरावासाठी.

६ ऑगस्ट

मच्छीमार संस्थेची बैठक. तलाव त्यांच्या ठेक्यात आहे, त्यांच्याशिवाय हे काम पुढे जात नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं : कासव जाळं फाडतं, कासव सोडवायला जाळं कापलं तर नुकसान आमचं. खरं आहे. समुद्रकिनाऱ्यावर संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर राज्य सरकारची २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे, २०१८ पासून. ती किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी. आपल्या तलावावरच्या ढिवरांचं जाळंही तितकंच पोटाचं आहे. आम्ही संस्थेतून जाळ्यामागे ३०० रुपये द्यायचं कबूल केलं. ही रक्कम पुरेशी नाही, मला माहीत आहे. ती वाढावी यासाठी अर्ज करतो आहोत.

कासव मेलेली मासोळी खाऊन पाणी साफ ठेवतं हे आम्ही सांगायच्या आधी काकाजींनीच सांगितलं. त्यांच्या शब्दाला वजन होतं.

१९ ऑगस्ट

विहिरीतलं कासव. पाणी शुद्ध राहतं, बरकत येते म्हणून आपल्याकडे विहिरीत कासव सोडतात. देवळासमोर दगडी कासव असतंच, त्याला हात लावून पाया पडतो, तीच श्रद्धा. विहीर आटवली तेव्हा हे निघालं. आठ वर्षं अंधारात होतं असं घरचे म्हणाले. पाठ बोटानं दाबली तर दबत होती. ऊन नाही, चुना देणारं खाणं नाही, म्हणून हाडं मऊ.

घरच्या आजींना फार लागलं. त्या रोज भाकरीचा तुकडा टाकायच्या. त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. आता कवचासकट गोगलगायी, सबंध झिंगे, काट्यासकट बारीक मासोळी, आणि सकाळचं दीड तास कोवळं ऊन, अर्ध्या टबावर सावली ठेवून. आजी दर रविवारी पाहायला येतात.

२ सप्टेंबर

नागपूरहून एका कुटुंबानं पाळलेलं लाल कानपट्टीचं कासव आणलं, तलावात सोडा म्हणून. ते अमेरिकेतलं आहे, इथल्या तलावात गेलं तर आपल्या कासवांचं खाणं आणि जागा घेतं, रोगही आणू शकतं. सोडणार नाही हे स्पष्ट सांगितलं. वन विभागाला कळवून वेगळ्या खोलीत, वेगळ्या बादल्या-फडक्यांनिशी ठेवलं आहे. तिथून आलं की साबणानं कोपरापर्यंत हात, मगच इतरांकडे. जागा आधीच ठरवून ठेवा, अशी कासवं येणारच.

२७ सप्टेंबर

गरीवालं कासव सोडलं. वजन २ किलो १५० ग्रॅम, महिनाभर दोन नंबरच्या टाकीत पूर्ण खोलीत पोहत होतं. वनरक्षक मॅडम, डॉक्टर, काकाजी, शाळेची पोरं. सांडव्यापाशी, जिथे सापडलं तिथेच. पाळीच्या दगडावर ठेवलं तर बराच वेळ हललं नाही, मग मान काढली, पाण्याचा वास घेतल्यासारखं केलं आणि शेवाळाखाली गेलं. चिखलाचा एक ढग उठला तेवढाच. ज्या पोरानं दोरी कापली होती तो माझ्या बाजूला उभा होता. त्याला बाटलीतली गरी देऊन टाकली.

१६ नोव्हेंबर

रोटाव्हेटरवाल्या कासवाची भेग भरली, वर नवी कातडी आली. पण थंडी लागली. रात्री टबाचं पाणी १७ अंशांवर येतं आणि त्यानं खाणं निम्म्यावर आणलं. थंडीत जखम भरायची थांबते, म्हणून १०० वॅटचा मत्स्यपेटीचा हीटर लावला, ८५० रुपये, आरसीसीबीवरच आणि विटांच्या आड, कासव चिकटून भाजू नये म्हणून. पाणी २६-२७ वर राहतं. आता जनावर उबेत आहे आणि तलाव थंड, म्हणून आत्ता सोडता येत नाही. फेब्रुवारीअखेर तलावाचं पाणी तापेपर्यंत थांबायचं ठरलं. सप्टेंबरमध्येच सोडता आलं असतं का, यावर डॉक्टरांशी बोललो. भेग तेव्हा वरून मिटली होती पण दाबली की हलत होती. थांबलो ते बरोबर होतं.

विहिरीतल्याची पाठ कडेनं कडक व्हायला लागली आहे, मधे अजून मऊ. वेळ लागेल.

आजपर्यंतचा खर्च ९४,३००. त्यात टाक्या आणि इपॉक्सी ४८,८००, नागपूरच्या चार फेऱ्या १२,८००, वायरिंग आणि पंप ९,४००, बाकी छत, टब, औषधं, खाणं. नऊ कासवं आली, तीन गेली, तीन सोडली, दोन उपचारात, एक परदेशी. आज सकाळची वजनं : रोटाव्हेटरवालं २ किलो २४० ग्रॅम, विहिरीतलं ९८० ग्रॅम.